बाभळीच्या बैठकीचा तिरका पाय

मी एक जुनी, ठेंगणी बैठक आहे. मित्रांनो, माझी उंची जेमतेम एक वीत आणि चार बोटं. आसन पुढच्या बाजूला थोडं उतरतं, कमरेला टेकायला मागे छोटी फळी आहे आणि खाली चार पाय. त्यातले तीन एका वयाचे, चौथा वयानं त्यांच्यापेक्षा लहान. तो चौथा पाय का बदलावा लागला, हे सांगितल्याशिवाय मला स्वस्थता मिळायची नाही.

आधी मी कुरुंदा गावातल्या एका बांधावरची बाभूळ होते. वावटळीत आडवी झाले. ग्यानोबा सुतारांनी मला ट्रॅक्टरमधून घरी आणलं, फळ्या पाडल्या आणि तीन उन्हाळे शेडखाली वाळत ठेवल्या. ग्यानोबांची हयात तिफणी, वखर अशी शेतीची अवजारं आणि बैलगाड्यांची चाकं करण्यात गेली होती. आता ती कामं कुणी सांगत नव्हतं. तरी सकाळी उठून ते पटाशीला धार लावत, आणि मग काय करावं हे न सुचून शेडमध्ये येरझाऱ्या घालत.

त्यांची मुलगी वैष्णवी फर्निचरचं डिझाइन शिकून आली होती. हिंगोलीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन होतं, त्यावर ती काम करी. एकदा मोठ्या हौसेनं तिनं वडिलांना ते दाखवायला नेलं. गाडीच्या चाकाचा जो आरा घडवायला ग्यानोबांना अर्धा दिवस लागे, तो मशीननं त्यांच्या डोळ्यांसमोर काही मिनिटांत कापला. ते घरी आले आणि न जेवता शेडमध्ये बसून राहिले.

त्याच सुमारास आशाबाई घरी आल्या. त्या हळदीच्या गोदामात हळकुंडं निवडायच्या कामाला होत्या. पंचवीस वर्षं जमिनीवर बसून त्यांचं खुब्याचं हाड झिजलं होतं.

"डॉक्टर म्हणले, खाली बसायचं न्हाई," त्या वैष्णवीला म्हणाल्या. "खुर्चीवर बसलं तर हात ढिगापस्तोर जात न्हाई. गोदामवाले म्हणून राहिले, आता घरीच राहा. घरी राहून म्या काय करू, पोरी?"

वैष्णवीनं गोदामात जाऊन त्यांचे मोबाइलवर फोटो काढले. हात कुठवर पोचतो, गुडघा किती वाकतो, उठताना भार कोणत्या पायावर येतो, सगळं मोजून घेतलं. मग कॉम्प्युटरवर माझं चित्र तयार झालं. वळणदार पाय, उतरतं आसन. स्वतःला त्या पडद्यावर फिरताना पाहून मी हरखून गेले होते.

माझी वाळलेली फळी हिंगोलीच्या कारखान्यात गेली. लाकूड वाया जाऊ नये म्हणून कॉम्प्युटरनं माझे भाग फळीवर अगदी दाटीवाटीनं मांडले. तीन पाय सरळ बसले. चौथा उरलेल्या जागेत तिरका बसवावा लागला. मशीन फिरलं आणि मी तुकड्यांनी कुरुंद्याला परत आले.

जोडायचं काम ग्यानोबांकडे होतं. त्यांनी एकेक पाय हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. चौथ्या पायावर अंगठा थांबला. मित्रांनो, लाकडाच्या आत उभे तंतू असतात. पायातून ते वरपासून खालपर्यंत गेले, तर पाय भार पेलतो. माझ्या त्या पायात ते मधेच तिरके तुटले होते. चाकं करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

वैष्णवीनं विचारलं, "अप्पा, बराबर हाय ना?"

ग्यानोबांनी पाय उजेडात धरला, पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "तुझं मशीन चुकतंय व्हय कधी?"

आणि त्यांनी तो पाय ठोकून बसवला.

मी बोलू शकत नव्हते. आशाबाई मला डोक्यावर घेऊन गोदामाकडे निघाल्या, तेव्हा बायका कौतुकानं पाहत होत्या. मी मात्र आतून धास्तावले होते. रोज त्या बसल्या, की माझ्या तिरक्या पायात बारीक करकर व्हायची. गोदामाच्या गलक्यात ती कुणाला ऐकू जात नव्हती. त्यांचा हात ढिगापर्यंत पोचत होता, खुबा दुखत नव्हता, त्या शेजारणीला हसून काहीबाही सांगत होत्या. मी दर क्षणाला वाट पाहत होते.

अकराव्या दिवशी त्या टोपली ओढायला डावीकडे वाकल्या आणि पाय मोडला. आशाबाई हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

मला शेडच्या कोपऱ्यात कलतं टाकून दिलं. वैष्णवीनं लॅपटॉप कपाटात ठेवला आणि कारखान्यात जाणं बंद केलं. "माझ्या हातून लोकांचं वाईटच व्हायचं," एवढंच ती आईला म्हणाली. ग्यानोबा माझ्याकडे पाठ करून बसत. पटाशी उचलत, ठेवत, पुन्हा उचलत.

पडल्यानंतर आठव्या दिवशी हात गळ्यात बांधून आशाबाई दारात उभ्या राहिल्या. वैष्णवी आत जाऊ लागली, तर त्यांनी हाक मारली.

"पळून काहून राहिलीस? अकरा दिवस म्या सुखानं बसले, ते कुणामुळं? हात बरा होईल. तू पुन्हा कर."

"मावशी, मला जमायचं न्हाई. माझीच चूक हाय."

तेव्हा ग्यानोबा उठले. मोडका पाय त्यांनी आशाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"तिची न्हाई. मला दिसलं होतं, आशाबाई. पाय तिरका कापलाय, हे हातात घेतल्याबरोबर कळलं. मशीनची फजिती व्हावी असं वाटलं मला. तुमी पडाल, हे मनात आलं न्हाई. तुमची तकलीफ माझ्यामुळं झाली."

आशाबाईंनी तो पाय उचलून त्यांच्या हातात दिला. "मग आता नुसते बसून काहून राहिलात, भाऊ?" त्या म्हणाल्या आणि तशाच निघून गेल्या.

वैष्णवी दोन दिवस वडिलांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं बाभळीची फळी आणि पेन्सिल त्यांच्यासमोर आणून ठेवली. "तंतू कसे गेलेत, ते काढून द्या."

ग्यानोबांनी बोटानं चाचपत फळीवर रेघा ओढल्या. वैष्णवीनं त्या रेघांचा फोटो घेतला आणि पडद्यावर पायाचं चित्र त्यांवर आणून टेकवलं.

"अशानं निम्मी फळी वाया जाते, अप्पा."

"जाऊ दे."

आकार मशीननं कापला. खाच मात्र ग्यानोबांनी पटाशीनं केली आणि पाचर मारून पाय घट्ट केला. मग ते स्वतः माझ्यावर बसले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, सगळा भार नव्या पायावर टाकून पाहिला.

आशाबाईंचा हात बरा झाल्यावर मला गोदामात नेलं. त्या भिंतीला धरून उभ्याच राहिल्या. बसायला त्यांचं मन धजेना. शेवटी त्या अगदी काठावर टेकल्या. एक हळकुंड उचललं, दुसरं उचललं. थोड्या वेळानं मागे रेलल्या आणि शेजारणीला रागावल्या, "ही हळद नीट वाळली न्हाई गं, बाजूला काढ." तेव्हा मला कळलं, की त्या मला विसरल्या आहेत. बैठकीला याहून मोठी शाबासकी नसते.

त्यानंतर त्या गोदामात माझ्यासारख्या बावीस बैठका गेल्या. मी झिजल्यावर आशाबाईंनी नवी घेतली आणि मला नमुना म्हणून शेडमध्ये परत आणलं. आता माझ्यावर डबे ठेवतात, धूळ बसते. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. पण शेजारी नवी फळी कापायला निघाली, की अजून माझा जीव खालीवर होतो.

कनेरगाव नाक्याचे उत्तमसिंग सुतार आता वैष्णवीकडून चित्रं मागवून घेतात आणि कापण्याआधी लाकडाचा फोटो ग्यानोबांना पाठवतात. कालच एक आला. ग्यानोबांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि फोन केला.

"उत्तमसिंग, उजव्या कडेला रेघ तिरकी गेलीय, बघा. तिथून पाय काढू नका. न्हाई, राग मानू नका, पण दुसरी फळी घ्या."

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे ती नुसती पुसून ठेवायची नाही. ती घडत असताना तुम्हाला तिच्यात काही खोट दिसली, तर तेव्हाच बोला. तुमचं त्या माणसाशी पटत असो वा नसो. तिच्यावर उद्या कोण बसणार आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.