नेहमीच्या गोळ्या

"काका, सुजेच्या गोळ्या ना? नेहमीच्याच?" औषधवाल्याने भर दुकानात विचारलं, आणि तेलवाल्याने मान डोलवेपर्यंत पाकीट काउंटरवर ठेवलंसुद्धा.

तेलवाला वळला, तर मागे शिवणवाल्या ताई उभ्या. 'नेहमीच्याच' त्यांनी ऐकलं होतं. तोंडावरूनच कळत होतं.

तेलवाल्याची जीभ त्याच्या घाण्यापेक्षा जोरात चालायची. तिळाच्या तेलाचं एक माहितीपत्रक कुठूनसं त्याच्या हाती लागलं होतं. त्यातला 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द तो तीन तुकडे करून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत उच्चारायचा. 'सूज कमी व्हायला मदत होऊ शकते' असं त्यात छापलं होतं. पैकी 'मदत' आणि 'होऊ शकते' तो सोयीने गिळायचा आणि उरलेलं गिऱ्हाइकाच्या गळी उतरवायचा. चार महिन्यांपूर्वी ताईंची संधिवाताने सुजलेली बोटं पाहून त्याने एक वाक्य पदरचंही जोडलं होतं : गोळ्यांनी पोट कशाला जाळून घेता, सकाळी दोन चमचे तेल घ्या. ताईंनी गोळ्या बंद केल्या. बाटली नेताना त्या दर वेळी आभार मानायच्या, आणि तो ते ठेवून घ्यायचा.

"तुम्ही कधीपासून घेताय, भाऊ?" ताईंनी हळूच विचारलं.

खोटं बोलायला जागा नव्हती. औषधवाला समोरच होता.

"सहा वर्षं झाली. गुडघे धरतात."

"आणि तेल?"

"तेलही खातो. तेल चांगलंच असतं, ताई. पण गोळ्या... मी सोडल्या नाहीत."

त्यांनी भांडावं, चारचौघांत त्याचं उणंदुणं काढावं, असं त्याला फार वाटलं. भांडणाला निदान तोंड देता आलं असतं. ताईंनी फक्त पर्स पुढे केली.

"जुनी चिठ्ठी आहे आत. मला चेन ओढवत नाही."

एका दमात सुई ओवणारी ती बोटं आता झाडाच्या मुळांसारखी वेडीवाकडी झाली होती. तेलवाल्याने चेन उघडली, चिठ्ठी काढून दिली. तारीख पाहून औषधवाला म्हणाला, आधी डॉक्टरांना दाखवा, चार महिने म्हणजे फार झाले.

"मी येतो डॉक्टरांकडे," तेलवाला म्हणाला.

"नको, भाऊ. तुम्हाला दुकान उघडायचं असेल."

त्याने चिठ्ठी आत ठेवली, चेन लावली, पर्स त्यांच्या मनगटात अडकवली. ताई पायरी उतरल्या. तसा तो दुखऱ्या गुडघ्यांनी मागोमाग उतरला, आणि ती चेन पुन्हा अर्धी उघडून दिली.