दोन तारा

रंगभूषा करणाऱ्या नोर्मानं खोट्या आसवांसाठी ग्लिसरीनची बाटली उघडली, तेवढ्यात निर्माते बोस्की यांनी तिचा हात बाजूला सारला.

"आज त्याची गरज नाही," ते म्हणाले आणि आरशासमोर बसलेल्या आल्बाच्या मांडीवर दोन तारा ठेवल्या.

पहिली चार दिवसांपूर्वीची होती. 'बाबा तुझं नाव घेताहेत. लगेच ये.' दुसरी कालची. 'दफन झालं. आई.'

आल्बानं दोन्ही वाचल्या, तारखा पुन्हा पाहिल्या. नऊ वर्षांपूर्वी ती एका लग्न झालेल्या माणसाबरोबर किओज्जा या कोळ्यांच्या गावाहून रोमला पळून आली, तेव्हापासून बाबांनी घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. कोळ्याच्या पोरीचं ते नाव इथं सिनेमा कंपनीलाही चाललं नाही. पोस्टरवर ती आल्बा सेरेना झाली.

"पहिली तेव्हाच का नाही दिलीत?"

"तू गेली असतीस तर सगळं काम आठवडाभर अडलं असतं, बाळ. आता मनसोक्त रड. कॅमेरा तयार आहे."

रडू आलं नाही. खोट्या शवपेटीपाशी ती उभी राहिली. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. दिग्दर्शकाचा घसा बसला. शेवटी तिनंच हाक मारली.

"नोर्मा, घाल गं ते ग्लिसरीन."

दृश्य एका फटक्यात झालं. दिवेवाले बाह्यांनी डोळे पुसत होते, बोस्की टाळ्या वाजवत होते. आल्बानं गळ्यातले खोटे मोती काढून नोर्माच्या हातात दिले आणि सिनेमातल्या त्याच काळ्या पोशाखात ती स्टेशनवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती किओज्जाला पोचली. घरात शेजारणी बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. ती हातमोजे मांडीवर ठेवून बसली.

"पडद्यावर घागरी रिकाम्या करते," एक म्हातारी पुटपुटली. "सख्ख्या बापासाठी थेंब नाही."

आईनं चुलीवरून मक्याच्या पिठाचा पोलेंटा उतरवला, ताटली भरली, लेकीपुढे ठेवली.

"जेव, पिएरिना. इथं नाही रडलीस तरी चालतं."

पिएरिनानं चमचा उचलला. पोलेंटा अळणी होता. तिनं तो संपवला आणि आणखी मागून घेतला.