चौदा मुठी राख

मी लोखंडी पाटी बोलतेय. शेण भरायची, माती वाहायची पाटी. शहरातले लोक मला घमेलं म्हणतात. म्हणू देत, माझं काही अडत नाही. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मी सांगणार आहे ते उलट्यांचं आहे. पण एक सून आणि तिच्या पोटातला जीव कसा तगला, हे माझ्याइतकं जवळून कुणी बघितलेलं नाही.

घराचा स्लॅब टाकायचा होता, तेव्हा माझ्या मालकिणीनं, हरणाबाईनं, मला धाराशिवच्या बाजारातून आमच्या ढोकी गावात आणलं. दुकानदारानं पुढं केलेल्या तीन पाट्या तिनं बोटानं वाजवून बाजूला सारल्या आणि मला उचललं. तेव्हापासून माझा तोरा! सिमेंट वाहिलं, वाळू वाहिली. गवंड्यानं एकदा वरून टाकलं, तेव्हा काठाला पोचा पडला तो आजही आहे. घर उभं राहिलं आणि मी गोठ्यात गेले. घर बघायला येणारा जो तो फरशीचं कौतुक करतो, पाटीचं कुणी करत नाही. असो.

दोन-तीन सालांमागं सून ज्ञानेश्वरीला दिवस गेले. तिला कुठं ठेवू नि कुठं नको असं हरणाबाईला झालं. दुसऱ्याच महिन्यात तिनं गल्लीभर पेढे वाटले. पंधरा दिवसांत सगळं पडून गेलं. हरणाबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. "माझ्याच जिभंला हाड न्हाय. माझ्यामुळंच दृष्ट लागली लेकराला," असं तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

म्हणून पुढच्या साली पुन्हा दिवस गेले, तेव्हा तिनं फर्मान काढलं, "तीन महिनं भरल्याबिगर चकार शब्द बाहेर जायचा न्हाय. दवाखान्याच्या आशाताईला न्हाय, म्हायेराला न्हाय, कुणालाच न्हाय!"

आणि उलट्या सुरू झाल्या.

मला गोठ्यातून काढलं, घासलं आणि ज्ञानेश्वरीच्या खाटेपाशी ठेवलं. अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीतली राख माझ्या तळाला पसरायची, पोरीनं ओकायचं, वरून आणखी एक मूठ राख. मग माझ्यावर फडकं, फडक्यावर पदर, आणि हरणाबाई मागच्या दारानं उकिरड्याकडं. कुणी विचारलंच तर "शेण हाय." अहो, जन्मभर शेण वाहिलं तेव्हा मला कुणी झाकलं नव्हतं!

"उलट्या कुणाला हुत न्हाईत? इंद्रजितच्या वक्ताला म्या ओकत ओकत खुरपलंय," ती म्हणायची. चिंच दिली, आवळा दिला. "दोन जिवांची हायस, खा," म्हणून दुधात भाकरी कुस्करून तोंडापुढं धरली. मनानं वाईट नव्हती हो ती. भ्यालेली होती.

राखेखाली काय होतं ते मात्र मला माहीत होतं. आधी भाकरीचे तुकडे, मग नुसतं पाणी, मग हिरवं-पिवळं पित्त, आणि एका सकाळी त्यात रक्ताची बारीक रेघ. फोडणीचा वास आला की ओक, नवऱ्याच्या साबणाचा वास आला की ओक. पोरीचे डोळे खोल गेले, ओठांना पापुद्रे आले.

"आत्या, पाणीसुदीक थांबंना झालंय पोटात," ती सासूला म्हणाली.

तिचा नवरा इंद्रजित कारखान्यावरून आला की म्हणायचा, "आई, दवाखान्यात नेऊ की हिला."

"दवाखान्यात गावातली दहा माणसं भेटत्यात. आठ दिस कळ काढा." झालं, विषय संपला.

एरवी मी कुणाला भीत नाही, पण त्या दिवसांत मी भ्याले, खरं सांगते. मला सगळं दिसत होतं आणि वाचा नव्हती.

गुपित फुटलं ते राखेमुळं. चुलीतली राख पुरेना. हरणाबाई मला काखेत मारून शेजारच्या प्रेमाबाईकडं गेली.

"ओंजळभर राख द्या की. भांडी घासायची हायती."

प्रेमाबाई कपाळाला इभूत लावून उंबऱ्यात बसली होती. "कालबी नेली, परवाबी नेली. तुमच्यात तर साबण हाय भांड्याला." मग तिनं आवाज उतरवला. "राख न्या, समदी चूल उकरून न्या. पर मला एक सांगा हरणाबाई, सुनंला दिवसाला किती मुठी लागती?"

काय वाटलं कुणास ठाऊक, हरणाबाई बोटांवर मोजायला लागली. "उठल्या उठल्या एक. च्या दिला, दोन. पाणी प्याली, तीन..." मोजत मोजत ती चौदावर आली आणि तिथंच थांबली. इतके दिवस नुसती टाकत होती, झाकत होती. मोजलं कधीच नव्हतं.

"आन् लघवीला कवा गेली?"

"काल... काल सकाळी."

"आगं माय माय माय!"

हरणाबाईच्या काखेतून मी सुटले आणि फरशीवर खणकन आदळले. आणि एवढे दिवस तोंडाला कुलूप घालून बसलेली ती बाई भर गल्लीत ओरडली, "इंद्रजित, गाडी बघ रं! ज्ञानेश्वरीला दिवस गेल्यात, पोरगी हातची चालली माझी!"

गल्ली गोळा झाली. दृष्ट कसली लावतात? कुणी उशी आणली, कुणी ओलं फडकं. प्रेमाबाईच्या नवऱ्यानं जीप काढली. धाराशिवपर्यंत मी ज्ञानेश्वरीच्या मांडीवर होते.

"किती वेळा उलटी होते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चौदा मुठी राख," हरणाबाई म्हणाली आणि ओशाळली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी समजून घेतलं, लिहून घेतलं, वजन केलं. "सहा किलो उतरलंय. हा नखरा नाही मावशी, आजार आहे. आणखी दोन दिवस घरी ठेवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

लगेच सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं. मग सोनोग्राफीत इवल्याशा काळजाची धडधड ऐकू आली. हरणाबाईनं हात जोडले आणि हळूच विचारलं, "आन् मागचं, बाई? म्या पेढं वाटलं म्हणून...?"

"पेढ्यानं गर्भ पडत नाही. तुमच्या बोलण्यानं तर मुळीच नाही."

एक साल दाबून धरलेलं रडू तिनं तिथंच, मला पोटाशी धरून, मोकळं केलं. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी चार चमचे पाणी प्यायली आणि मी रिकामीच राहिले. रिकामं राहण्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता!

उलट्या लगेच थांबल्या नाहीत. पाचवा महिना लागेपर्यंत होत्या, मधे एकदा पुन्हा सलाईन लागलं. पण आता फोडणी परसातल्या चुलीवर, उशाशी कडक भाकरीचा तुकडा, पाणी घोटाघोटानं, आणि "खा, खा" अजिबात बंद. हरणाबाई भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. चौदाच्या दहा झाल्या, दहाच्या चार. चारवर आल्या त्या दिवशी सासू-सुना दोघी हसल्या. मुलगी झाली, आता रांगत येते आणि माझ्यावर चमचा वाजवते.

बारशाला कुणी पाहुणी म्हणाली, "ती वकाऱ्याची पाटी भंगारात घाला." हरणाबाईनं असे डोळे वटारले की पाहुणीनं घुगऱ्या निमूट खाल्ल्या.

माझा काठ आता गंजलाय, पण तळ शाबूत आहे. तुमच्याही घरात कुणी ओकत असेल तर वरून राख टाकून मोकळे होऊ नका. बघा, मोजा, बोला.

परवा प्रेमाबाईची लेक महेश्वरी माहेरी आली. दुसरा महिना, तोंड सुकलेलं. प्रेमाबाईनं दारातूनच हाळी दिली, "आवो हरणाबाई, पाटी घिऊन या!" हरणाबाईनं मला घासलं, तळाला राख पसरली आणि ऐन सकाळी गल्लीच्या मधोमध निघाली. फडकं नाही, पदर नाही.

ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "काय न्यायल्या पाटीत?"

"राख," हरणाबाई खणखणीत म्हणाली. "महेश्वरीला उलट्या व्हायल्यात. मोजाया चाललेय."