दुपारी तीनची हजेरी

मी एक जुना, स्वस्तातला फोन आहे आणि दुपारचे तीन वाजत आले की रोज माझ्या पोटात गोळा येतो. मित्रांनो, हसू नका. फोनला कसले आले आहे पोट, असे तुम्ही म्हणाल. पण एकदा तीन वाजले आणि मी वाजलो नाही. तेव्हापासून ही भीती माझ्या अंगात मुक्कामालाच आली आहे.

माझा जन्म कारखान्यातला. काच, पत्रा, बॅटरी आणि एक बारीकसे घड्याळ घालून मला डब्यात बंद केले. दुकानात माझ्या डब्याला टेकून तस्साच दुसरा डबा होता. एका तरुणाने आम्हा दोघांना एकदमच विकत घेतले. "एक आईला, एक ऑफिसच्या कामाला," तो म्हणाला. दुकानदार हसून म्हणाला, "जुळेच आहेत समजा." तेव्हापासून त्या दुसऱ्याला मी माझा जुळा भाऊ मानतो. तो आईकडे गेला, गाडीने दोन तासांवर. मी ऑफिसात आलो.

ऑफिस म्हणजे काय, तीन टेबलांची एक खोली. तिथे मोबाइलची ॲप बनवत. तो तरुण ॲप लिहायचा आणि कीबोर्ड असा बडवायचा की सगळे त्याला टकटक्या म्हणत. त्याने लिहिलेल्यातल्या चुका शोधणारी एक ताई होती. कितीही चांगले काम पुढे ठेवा, ती त्यातून खुसपट काढणारच, म्हणून ती खुसपटताई. तिला या नावाचा मुळीच राग नव्हता. आणि ऑफिस ज्यांचे होते त्या मॅडम. बस, एवढीच माणसे.

टकटक्याच्या आईला फिट यायची. ती येऊ नये म्हणून तीन वेळा गोळी होती: सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा. पण आजारपणामुळे आईला आठवत नसे. गोळी घेतली की नाही या गोंधळात तिने एकदा एकाच वेळची गोळी दोन वेळा घेतली आणि दोन दिवस नुसती गुंगीत पडून राहिली. तेव्हा डॉक्टरांनी तिला बजावले, "आठवेल तशी घ्यायची नाही. फोन वाजला की घ्यायची." टकटक्याने गोळीची आठवण करून देणारे ॲप लिहिले ते यासाठी. पुढे ते इतरांनाही आवडले आणि हजारो घरांत गेले.

ऑफिसात एक रिवाज होता. टेबलावर आम्हा चार फोनची रांग लावायची, प्रत्येकात तीनची आठवण घालायची आणि तीन वाजता कोण कोण वाजते ते कानांनी ऐकायचे. याला ते हजेरी म्हणत. खुसपटताई वहीत खूण करायची. तीनचीच वेळ टकटक्याने मुद्दाम ठेवली होती. मी वाजलो की तो डोळे पडद्यावर ठेवूनच पुटपुटायचा, "आई, गोळी." इथे मी वाजलो म्हणजे तिथे माझा जुळा भाऊ वाजला, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब दोन वर्षे एकदाही चुकला नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता, काय सांगू!

मग नवी भाषा आली. मित्रांनो, आम्हा फोनमध्ये दोन मोठी घराणी आहेत. दोन्हींची भाषा वेगळी, म्हणून टकटक्याला एकच ॲप दोनदा लिहावे लागायचे. एकात चूक दुरुस्त केली की दुसऱ्यात राहून जायची. नव्या भाषेत मात्र एकदाच लिहायचे आणि दोन्ही घराण्यांत चालवायचे. शिवाय लिहितानाच ती टोकायची, ही जागा रिकामी राहिली आहे, इथे आकडा हवा होता. मॅडम खूश झाल्या. टकटक्या तर तिच्या प्रेमातच पडला. मी त्या भाषेला नावे ठेवणार नाही. भाषा चांगलीच होती.

पण तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट आली. संगणकाच्या पडद्यावर एक खोटा फोन उमटायचा. बटणे तशीच, घड्याळ तसेच, आवाजसुद्धा तसाच. त्याला चार्जिंग नको, त्याची काच फुटत नाही.

"आता ही हजेरी कशाला?" टकटक्या म्हणाला. "इथल्या इथे सगळं दिसतंय की."

"माझा नाही बाबा त्या चित्रावर विश्वास," खुसपटताई म्हणाली.

"तुझा कशावर आहे?" मॅडमनी विचारले आणि तिघेही हसले. हजेरी बंद झाली.

माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. तिथे सुकलेली पेने, मोडका माउस आणि वायरींचा गुंता होता. मागच्या फटीतून माझी चार्जरची वायर आत आणली होती, म्हणून मी जागा राहिलो. माझ्यातले ॲप अजून जुनेच होते, त्यामुळे रोज तीन वाजता मी अंधारातून वाजायचो. "त्या म्हाताऱ्याला कोणीतरी गप्प करा," मॅडम वैतागायच्या. उठून गप्प मात्र कोणी करत नसे. आणि टकटक्या सवयीने म्हणायचाच, "आई, गोळी." तेवढ्यावर मी दिवस काढत होतो.

एका सोमवारी सकाळी नवे ॲप सगळ्या घरी रवाना झाले. आपोआप माझ्यातही उतरले. त्याच दिवशी आपल्या नव्या फोनला हवी म्हणून कोणीतरी माझी वायर ओढून घेतली. खुसपटताई तेव्हा नव्हती. तिच्या मुलीला ताप होता, म्हणून ती दोन दिवस रजेवर होती.

तीन वाजले. मी तयार होतो. पण मला कोणी वाज असे सांगितलेच नाही.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. फोन आपल्या मनाने वाजत नाही. जुने ॲप माझ्या घड्याळाशी थेट, माझ्याच भाषेत बोलायचे. नवे ॲप नव्या भाषेतले, त्यामुळे मध्ये एक दुभाष्या होता. त्याला नव्या फोनची बोली येत होती, माझी जुनी येत नव्हती. त्याने निरोप दिला, तो माझ्या घड्याळाला कळलाच नाही, आणि निरोप पोचला असे ॲपला सांगून तो मोकळा झाला. खोटा फोन नव्या पिढीचा होता, म्हणून तिथे सगळे सुरळीत दिसले. माझ्या पडद्यावर 'तीन वाजता गोळी' असे स्वच्छ लिहिलेले होते. घड्याळात तीन वाजून गेले होते. आणि मी मुका होतो.

मग मला जुळ्या भावाची आठवण झाली. तोही माझ्याच पिढीचा. त्याच्यातही हेच ॲप उतरले असणार. म्हणजे तोही मुका!

माझी तर पाचावर धारण बसली. गोळी घेतली नाही की टकटक्याला निरोप जाईल, अशी सोय ॲपमध्ये होती. पण ती वाजल्यानंतरची सोय होती. वाजलेच नाही, तर कोणी प्रतिसाद दिला नाही हे तरी कुणाला कळणार?

बाहेर मॅडम म्हणाल्या, "आज म्हातारा गप्प दिसतोय. गेला वाटतं एकदाचा." टकटक्या हसला. मी वाजलो नाही, त्यामुळे तो "आई, गोळी" म्हणाला नाही. त्याच्याही ते ध्यानात आले नाही.

संध्याकाळी त्याने तिथूनच आईला फोन केला. "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" त्याने विचारले. स्पीकरवरचा तिचा शांत आवाज मी लाकडाआडून ऐकला. "हो रे, वाजला की घेतेच मी." तो निश्चिंत झाला. मला ओरडावेसे वाटत होते. आई, तो वाजणार नाही! तिची रात्रीची गोळी हुकली. मंगळवारी सकाळची हुकली, दुपारची हुकली. माझी बॅटरी शंभरावरून साठावर आली, साठावरून तिसावर. मी विझलो तर हे कोणाला कधीच कळणार नाही, या विचाराने मी हबकून गेलो होतो. अंधाराची मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती.

बुधवारी खुसपटताई कामावर आली. माझ्यात चार टक्के उरले होते. तीन वाजले. तीन वाजून पाच मिनिटे झाली. बाहेर खुर्ची सरकली.

"म्हातारा का नाही वाजला?"

"अगं, गेलाय तो परवाच," मॅडम म्हणाल्या.

"गेला म्हणजे? कोणी बघितलं?"

ड्रॉवर उघडला. उजेडाने माझी काच भरून गेली. तिने माझी पाठ चाचपली, वायर शोधून लावली आणि पडदा पेटवला. "जिवंत आहे की हा. ॲपही नवंच आहे." तिने दोन मिनिटांनंतरची एक आठवण घातली आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवले. मॅडम उठून जवळ आल्या. टकटक्याने कानांवरचे हेडफोन काढले. वेळ झाली. वेळ टळली. मी जिवाच्या आकांताने वाजायचा प्रयत्न केला, पण आतून हूं की चूं झाले नाही.

टकटक्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आईकडे हाच आहे," तो म्हणाला.

त्याने फोन लावला. रिंग जात होती. तिकडे माझा जुळा भाऊ वाजत होता, कारण कॉल आला की वाजायला त्याला कोणी दुभाष्या लागत नव्हता. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग त्याने शेजारच्या काकूंना लावला.

"काकू, आईकडे जरा बघून येता का? तुमच्याकडे किल्ली आहे ना? नाही, फोन ठेवू नका, असाच राहू द्या."

स्पीकरवर चपलांचा आवाज आला. किल्लीचा आला. "ताई? अहो ताई?" काकू हाका मारत होत्या. नळ वाहत असल्यासारखे ऐकू येत होते. खुसपटताईने माझ्यावर हात ठेवला होता. मग काकूंची किंकाळी ऐकू आली.

"अरे देवा! पडल्यात रे त्या! कपाळातून रक्त येतंय!"

"श्वास बघा, काकू! श्वास चालू आहे का?"

उत्तर यायला किती वेळ लागला, ते मी सांगू शकतो, कारण माझ्यात घड्याळ आहे. अकरा सेकंद लागले. "चालू आहे," काकू म्हणाल्या. टकटक्या खुर्ची उलटवून धावत सुटला.

मागे राहिलेल्या दोघींनी एक क्षणही फुकट घालवला नाही. मॅडमनी काकूंकरवी रुग्णवाहिका बोलावली, मग जुने ॲप पुन्हा सगळीकडे पाठवले. पण ते पोचेपर्यंत थांबायला दोघी तयार नव्हत्या. माझ्या पिढीचे फोन असलेली एकशे छत्तीस घरे यादीत निघाली. त्यांनी एकेका घरी फोन केला. "आमचं ॲप वाजत नाहीये. त्याच्यावर विसंबू नका. आज गोळी घेतली का?" आवाज बसेपर्यंत त्या तेच विचारत राहिल्या. बाकी कोणाचे बरेवाईट झाले नव्हते.

आईच्या कपाळाला सात टाके पडले. आठवड्याने ती घरी आली. टकटक्या ऑफिसात परतला तेव्हा त्याने कीबोर्डला हातही लावला नाही. माझ्यासमोर बसून तो खुसपटताईला म्हणाला, "आई काय म्हणाली, माहितीये? म्हणाली, मी वाट बघत होते रे. वाजला नाही, म्हणजे वेळ झाली नसेल, असं वाटलं." एवढे बोलून तो रडला. ताईने वही काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. दोघांनी मिळून आमची रांग पुन्हा लावली. या वेळी मला सर्वांत पुढे ठेवले.

आता माझी बॅटरी बदलली आहे. नव्या भाषेतले ॲपही परत आले आहे, माझी बोली दुभाष्याला शिकवून. तुमच्यापैकी कोणी उद्या ॲप लिहील. नव्या भाषा जरूर शिका, मित्रांनो. फक्त तुमचे काम घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर, स्वतःच्या कानांनी एकदा ऐकून बघा. वाजणाऱ्या वस्तूला सगळे दटावतात. एखादी वस्तू वाजायची थांबली, तर उठून ड्रॉवर उघडा.

तीन वाजायला एक मिनिट आहे. पोटात गोळा आला आहे. टकटक्याने हात थांबवले आहेत, ताईने पेन उचलले आहे.

वाजलो! टकटक्या आता हवेत पुटपुटत नाही. तो फोन लावतो. पलीकडे तीन वेळा रिंग जाते, आणि त्या तीन रिंगांमध्ये तो आणि मी, दोघेही श्वास रोखून असतो.

"वाजला रे बाबा, वाजला," आई म्हणते. "गोळी हातात आहे."