अपेंडिक्सच म्हणायचं

शस्त्रक्रियेला अकरा दिवस झाले होते, आणि कात्रप भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आल्यापासून अनुया एकदाही खाली उतरली नव्हती. जिन्याची चढ-उतार बेताने करा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिच्या आईने, सुनेत्राबाईंनी, ती मुळी बंदच करून टाकली. विश्रांतीच्या नावाखाली लेकीचा फोनही त्यांनी स्वतःपाशी ठेवला. कोणी समाचाराला आले, की त्या पलंगाच्या कडेला ठाण मांडत आणि लेकीच्या आधी उत्तर देत. उत्तर एकच होते : अपेंडिक्स.

खरे असे होते, की गाठीला पीळ पडल्यामुळे अनुयाचा डावा बीजांडकोश आणि त्यालगतची नलिका काढावी लागली होती. उजवी बाजू निरोगी होती. पुढे मूल होण्यास अडचण नाही, हे डॉक्टरांनी दोघींसमोर सांगितले होते. शौनकशी तिचा साखरपुडा महिन्यावर आला होता.

"काही बिघडलेलंच नाही, तर सांगायचं काय?" आई म्हणे.

"काही बिघडलेलंच नाही, तर लपवायचं काय?" अनुया म्हणे.

हा वाद रोज होई आणि रोज आई जिंके. कारण फोन तिच्या ताब्यात होता. शौनकला आपल्या तोंडाने सांगावे, आणि साखरपुड्याआधी सांगावे, एवढेच अनुयाला हवे होते.

रविवारी शौनक आपल्या आईला घेऊन अंबरनाथहून आला. वृंदाबाई येताना शहाळी घेऊन आल्या होत्या, शिवाय भरपूर गप्पा.

"माझं अपेंडिक्स काढलं ना, तेव्हा आठव्या दिवशी पोळ्या लाटत होते मी," त्या म्हणाल्या. "सुनेत्राताई, तुमच्या लेकीला माहेरपण फारच मानवलेलं दिसतंय."

अनुयाला हसू आले आणि हसताच टाके ओढले गेले. तिने झटकन पोट दाबून धरले. डाव्या बाजूला.

वृंदाबाईंची नजर त्या हातावर थांबली. "अपेंडिक्स उजवीकडे असतं ना गं?"

"आई, तू काय डॉक्टर आहेस का?" शौनक म्हणाला.

"दुखणं सरकतं हो," सुनेत्राबाई तत्काळ म्हणाल्या. "त्यातून ही सारखी डाव्या कुशीवर झोपते."

आईने एका खोट्याला दुसरे जोडले होते. तिसरे आपल्याला जोडावे लागेल, आणि मग जन्मभर जोडतच राहावे लागेल, हे अनुयाला स्पष्ट दिसले.

"अपेंडिक्स नव्हतं, काकू. डावी ओव्हरी आणि ट्यूब काढलीय. उजवी चांगली आहे."

सुनेत्राबाईंनी डोळे मिटून घेतले. शौनकने आपल्या आईकडे पाहिले. बोलल्या त्या वृंदाबाई, आणि इतक्या मायेने, की अनुयाचा श्वास मोकळा झाला.

"अगं, यात घाबरायचं काय? माझ्या सख्ख्या बहिणीला एकाच बाजूवर दोन मुलं झाली." मग त्या सुनेत्राबाईंकडे वळल्या. "पण आमच्या जावा-नणंदांची तोंडं कोण धरणार? तुम्ही सांगितलंत तेच बरोबर. आम्हीही अपेंडिक्सच म्हणू. फक्त चारचौघांत हात उजवीकडे ठेव हं, अनुया."

"अकरा दिवस हेच समजावतेय मी हिला," सुनेत्राबाई म्हणाल्या. दोघी चहा टाकायला आत गेल्या. कोणाला काय सांगायचे, हे ठरवताना त्यांचे आवाज जुन्या मैत्रिणींसारखे खाली आले.

"तू काय सांगणार?" अनुयाने शौनकला विचारले.

"कोणाला?"

"कोणीही विचारलं तर."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. "आता त्या दोघींनी ठरवलंच आहे, तर कशाला उगाच? अपेंडिक्सच म्हणू."

असे म्हणून त्याने तिच्या हातावर हात ठेवला. तो प्रेमाने ठेवला होता, याविषयी अनुयाला तिळमात्र शंका नव्हती. त्याखालून आपला हात कसा काढून घ्यावा, एवढेच तिला सुचत नव्हते.