दारात आडवी लावलेली बाज

थांबा, बसू नका! मी बाज बोलतेय. बाभळीचे खूर, सुतळीची वीण. महागावकडच्या एका तांड्यात, शामच्या दारात अडीच महिने कुशीवर उभी आहे. बाजेला कोणी असं उभं ठेवतं का? जीव नुसता कासावीस होतो.

शामच्या बापानं मला विणली. माझ्यावर मिरच्या वाळल्या, गप्पा रंगल्या, शामची रंजिता माझ्यावरच झोपून मोठी झाली. पण तिला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त चढवायचं. शेवटी नागपूरला तिच्या भावाच्या, जीवनच्या, स्टेम सेल तिला दिल्या. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "हिची प्रतिकारशक्ती अजून तान्ह्या बाळाएवढीही नाही. तुमची साधी सर्दी हिच्या छातीत उतरेल. कोणाला आत घेऊ नका."

म्हणून तिची आई संगीता हिनं मला दारात आडवी लावली. लोकं काय कमी? "मी का परका हाव?" म्हणत जो तो मला ओलांडायला बघे. संगीता खमकी. एकालाही तिनं आत येऊ दिलं नाही.

मग शामची बहीण कोकिळा आली. नाकाला पदर. "जराशी सर्दी हाय. मी कुठं आत येऊन राह्यली?"

तांड्यातल्या बायका फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून, सूर लावून रडतात. जी रडत नाही तिला माया नाही, असं धरतात. नणंदेला नाही कसं म्हणायचं? संगीता अंगणात गेली. दोघी गालाला गाल लावून रडल्या. पोरीला कोणी शिवलं नाही, म्हणून दोघींना केवढं समाधान! माझी मात्र सुतळी न् सुतळी ताणली होती.

तिसऱ्या दिवशी संगीता शिंकली. मला सरकवून ती बाहेर पळाली, शामला आत धाडलं.

"याडी, तू बाहेर काहून गेली?" आतून रंजिता आईला हाका मारत होती.

"इथंच हाव, बाई."

दुसऱ्या दिवशी पोरीला खोकला लागला, ताप चढला. जीप करून तिला नागपूरला नेलं.

घर रिकामं आहे, तरी मी आडवीच. शेजारी उतरलेली कोकिळा सारखी चकरा मारते. सकाळी शामचा फोन आला. ऑक्सिजन लावलाय, पोर बोलत नाही. कोकिळा माझ्यापुढं मटकन बसली.

"इतली आडवी उभी होती तू, मंग मले काहून नाही अडवलं वं?"

काय सांगू तिला? तिची सर्दी संगीताच्या गळ्यात पडून आत गेली, आणि आईला मी कशी अडवणार होते?

बाबांनो, नाक वाहत असेल तर अंगणातही येऊ नका. आणि घरच्यांनो, नाही म्हणायला लाजू नका. रुसलेली नणंद मनवता येते.