पहाऱ्यावरचा नवरा

डॉक्टरांनी ते एक वाक्य बोलायला नको होतं. "मेंदूत काही बिघडायला लागलं, तर पेशंटच्या आधी ते घरच्यांना कळतं," असं ते म्हणाले आणि टेलरबाईच्या नवऱ्याला जन्मभर पुरेल असं काम मिळालं. त्या दिवसापासून तो डोळ्यांत तेल घालून बायकोवर पहारा करू लागला. तिने चष्मा शोधला की याचं तोंड उतरायचं. एकदा भाजीत मीठ दोनदा पडलं, तर घास हातात तसाच धरून त्याने विचारलं, "आज वार कोणता, सांग बघू."

"तुमच्या उपाशी राहण्याचा," ती म्हणाली आणि ताट उचलून आत घेऊन गेली.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. अंगाची राखण करणाऱ्या पेशीच मेंदूत शिरून नसांवरची आवरणं कुरतडतात, असा हा उफराटा आजार. पहिल्या झटक्यांत तिचे पाय गेले. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, नवरा तिला उचलून नेई. मग सलाइनमधून नवं औषध सुरू झालं. ते औषध त्या पेशींना मेंदूच्या दारातच अडवायचं. ती उभी राहिली, चालू लागली, आणि घराच्या पुढच्या खोलीतलं तिचं दुकान पुन्हा उघडलं.

पण राखण करणारेच बाहेर राहिले, तर आत कोणीही शिरावं. कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात एक विषाणू निमूट पडून असतो. रक्त तपासलं, तेव्हा तो तिच्याही अंगात निघाला. तो मेंदूत शिरला तर माणूस हातचं जाऊ शकतं. आणि औषध सोडलं तर जुना आजार उसळून वर येणार, पाय पुन्हा जाणार. डॉक्टरांचं संशोधन नेमकं याच पेचावर होतं. दोन सलाइनमधलं अंतर वाढवलं, तर पायही राहतील आणि विषाणूही दबून राहील का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी निवडलेल्या पेशंटांत तीही होती. डॉक्टरांना पेच कागदावर सोडवायचा होता. तिला त्यात राहायचं होतं.

त्यात हा नवरा. घरात जिकडे वळावं तिकडे त्याची नजर. ती एकदा चिडून म्हणालीही, "अहो, तुरुंगातसुद्धा शिपायाची ड्यूटी बदलते."

मग एके दिवशी सकाळी पेपर वाचताना तिला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द सापडेना. दुपारी डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटला. समोर बघत असताना डावीकडचं जग जणू कोणी दुमडून ठेवलं होतं. तो विषाणू तर आत शिरला नसेल, या विचाराने तिची पाचावर धारण बसली. पण तोंडातून अवाक्षर निघालं नाही. बोलली असती तर औषध त्याच दिवशी बंद झालं असतं, आणि ती खुर्ची तिला चांगली आठवत होती. डोळे थकले असतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आता फक्त पहारेकऱ्याला चुकवायचं होतं.

नवल म्हणजे तो चुकला. चौकटीचा आवाज त्याला ऐकू आला नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहिली, तीही त्याला दिसली नाही. वारबीर विचारणं तर बंदच झालं. एवढा गाफील कसा झाला, याचं तिला हसू आलं. गिऱ्हाइकाचा एक कोट शिवून झाला होता. त्याच्या डाव्या बाहीची बटणं जाड दोऱ्याने, वेडीवाकडी लावलेली दिसली. आपला हात असा कसा चालला, म्हणून ती स्वतःवरच चरफडली.

सलाइनच्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. तिला नेहमीच्या आरामखुर्चीत बसवून सिस्टरने हाताला पट्टा बांधला आणि ठरलेले प्रश्न सुरू केले. नवीन अशक्तपणा? बोलण्यात फरक? नजरेत काही?

"काही नाही," नवरा चटकन म्हणाला. "अगदी ठणठणीत आहे."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. या खोलीत या माणसाने आजवर कधी 'काही नाही' म्हटलं नव्हतं. हरवलेल्या चमच्यापासून जांभईपर्यंत सगळ्या तक्रारी तो इथे मांडायचा आणि सिस्टर वैतागून जायची. आज तो मान खाली घालून बसला होता. त्याच्या बोटांच्या टोकांना सुई टोचल्याचे बारीक लाल ठिपके होते. या माणसाने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नव्हता.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तिने सोडलेली बटणं तो मागाहून लावत होता. तिला भयंकर राग आला, आणि त्या रागाखाली भीती. एवढे दिवस त्या नजरेने ती गुदमरत होती. आता तीच नजर मुद्दाम दुसरीकडे वळली होती, आणि तिला वाचवायला त्या खोलीत तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

सिस्टरने सुई उघडली.

"थांबा, सिस्टर," ती म्हणाली. "मला डावीकडचं दिसत नाही. आठवडा होऊन गेला."

सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. पट्टा सोडला. "डॉक्टरांना बोलावते. हलू नका," म्हणाली आणि गेली. सलाइनची बाटली स्टँडवर तशीच भरलेली लटकत राहिली.

मग खुर्ची सरकली. नवरा उठून तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. आता तो तिला दिसत नव्हता. नुसता आवाज आला.

"मला आता उचलवत नाही गं तुला."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.